व्हर्नियरवाले काका

छत्रपती संभाजीनगरात गाडीचे ब्रेक पॅड बदलायची वेळ आली, की पहिला फोन गॅरेजला जात नाही, काकांना जातो. सिडकोत प्रत्येक सेक्टरला असे एक काका असतात, बजाजनगरात गल्लीला दोन. वाळूज नाहीतर चिकलठाणा एमआयडीसीत तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. "कुठं होता?" असं विचारलं तर उत्तर येतं, "क्वालिटीत." कंपनीचं नाव मागाहून. नोकरी सुटली तरी क्वालिटी सुटलेली नसते. भाजीवालीकडची जून भेंडी ते नाकारत नाहीत, 'रिजेक्ट' करतात. आणि घरात देवाच्या फोटोखालच्या खणात, मऊ फडक्यात गुंडाळून, व्हर्नियर असतो.

यात काकांचा दोष कमी, गावाचा जास्त. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या जुळू लागल्या, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांची भोवती रांग लागली. देशभरातल्या मोटरसायकलींना डिस्क ब्रेक पुरवणाऱ्या एन्ड्युरन्स कंपनीचं मुख्यालय वाळूजलाच आहे. त्या कंपनीनं २०२० मध्ये ग्रिमेका ही ब्रेक बनवणारी इटालियन कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा इथल्या काकांनी सोयरीक जमल्यासारखे पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. पितळखोऱ्यापासून पाणचक्कीपर्यंत सगळं या जिल्ह्यात आहे, पण पाहुण्यांना काका दाखवतात ती 'आपल्या इथं' बनलेली कॅलिपर.

शेजारचा मुलगा घाबरत म्हणतो, "काका, ब्रेक दाबला की चूं चूं आवाज येतो." काका डोळे मिटतात. "दाबल्यावरच येतो, की आधीपासून?" दाबल्यावर येत असेल तर ती पॅडवरची पत्र्याची जीभ. पॅड संपत आला, की ती डिस्कला घासून ओरडते. मुद्दाम तशीच बनवलेली असते. नवा पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटरचा, तीनवर आला की बदलायचा. आणि बदलायचे तर डावे-उजवे दोन्ही एकदम. "एका पायात नवी चप्पल, एका पायात जुनी, असं चालतो का आपण?" मुलगा नाही म्हणतो. तोवर काकांनी बूट घातलेले असतात.

जालना रोडवरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात काका शिरले, की काउंटरवरचा पोरगा आतल्या मालकाकडे बघतो आणि मालक फोनवर बोलू लागतो. तीन खोकी समोर येतात. कंपनीचा, दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीचा, आणि 'लोकल'. लोकलला काका हात लावत नाहीत, लांबूनच वास घेतात. उरलेल्या दोन्हीतला पॅड काढून उलटा करतात. हिमरू शाल घेताना जाणकार माणूस आधी मागची बाजू बघतो, अगदी तसं. पाठीवर बारीक अक्षरं असतात. त्यातली शेवटची दोन म्हणजे घर्षणाचा दर्जा. पहिलं अक्षर थंड पॅडसाठी, दुसरं तापलेल्यासाठी. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर.

"एफ-एफ. ठीक," काका म्हणतात. "एफ-ई असता तर कन्नडच्या घाटात खाली उतरताना दिवसा तारे दिसले असते."

मुलाला कन्नडच्या घाटात जायचंच नसतं. त्याला सिडकोतल्या एन-सेव्हनवरून क्रांती चौकात ऑफिसला जायचं असतं. पण घाटाशिवाय काकांचं ब्रेकपुराण पुरं होत नाही. चाळीसगावकडे उतरताना जळक्या लायनरचा वास येतो तो कशाचा, ट्रकवाले ज्या गिअरमध्ये चढतात त्याच गिअरमध्ये का उतरतात, सारखा पाय ब्रेकवर ठेवला की पॅड तापून पकड कशी सोडतो, हे सगळं काउंटरवर खोकी मांडून सांगितलं जातं. मागे गिऱ्हाइकं साचतात. काकांना वाटतं, श्रोते जमले.

मग इतिहास. १८८८ मध्ये जर्मनीत बेर्था बेंझ नवऱ्याची मोटार घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला निघाली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा वाटेतल्या मोच्याकडून तिनं त्यांवर चामडं ठोकून घेतलं. पुढं इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं घोडागाडीवाल्यांना उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट ठोकताना पाहिलं आणि १८९७ च्या सुमारास त्याचाच धंदा काढला, तो फेरोडो. "म्हणून तर मागच्या ड्रममध्ये असतो त्याला ब्रेक-शू म्हणतात!" काका विजयी मुद्रेनं सांगतात. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरा शोध काकांचा स्वतःचा.

थट्टा कितीही करा, काकांची खरी अडचण अशी, की ते सहसा चुकत नाहीत. सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता सोसतो पण आवाज करतो आणि डिस्क खातो. सिरॅमिक शांत, काळी भुकटी कमी, पण खिशाला जड. ऑरगॅनिक मऊ, डिस्कला सांभाळणारा, पण लवकर संपणारा. गावात फिरणाऱ्या छोट्या गाडीला कंपनीनं जो दिला तोच पुरे. एवढं सांगायला काकांना पाऊण तास लागतो, पण सांगतात ते बरोबर.

गॅरेजमध्ये मात्र काकांची गाठ उस्तादांशी असते. उस्ताद हवेचा पाइप घेऊन ब्रेकची भुकटी उडवायला जातात, काका ओरडतात, "फुंकू नका! पूर्वी यात ॲस्बेस्टॉस असायचं, फुप्फुसात जातं!" उस्ताद फडकं ओलं करतात. काका मग झिजलेल्या पॅडला व्हर्नियर लावतात. "काका, इत्ता नापते कायकू? घिस गया तो घिस गया, नक्को टेन्शन लेव." कॅलिपरच्या पिना निघतात, ग्रीस लागतं, पिस्टन मागं दाबताना ब्रेक ऑइल वर येतं आणि काका 'दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, हवेतलं पाणी पितं ते' हे सगळ्या गॅरेजला सांगतात. निघताना मुलाला ताकीद: पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायचा नाही, पॅड डिस्कवर बसू दे.

गेल्या पावसाळ्यात खुद्द एका काकांच्याच गाडीतून खर्र खर्र आवाज येऊ लागला. डावं पुढचं चाक. ब्रेक दाबा, न दाबा, आवाज आपला चालूच. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर काकांनी पहिल्याच प्रश्नात ओळखलं असतं. स्वतःच्या गाडीपायी आठ दिवस आवाजाच्या नोंदींनी वही भरली, तीन दुकानं झाली, एफ-एफ पॅडचं खोकं आलं. उस्तादांनी चाक काढलं. पॅड सात मिलिमीटर, ठणठणीत. डिस्क आणि मागच्या पत्र्याच्या फटीत खडीचा एक खडा अडकला होता. जायकवाडीच्या नव्या पाइपलाइनसाठी पैठण रोड उकरलेला, तिकडून जाताना घुसला असणार.

उस्तादांनी स्क्रू ड्रायव्हरनं तो काढून काकांच्या तळहातावर ठेवला. काकांनी रुमालानं पुसला. खिशातून व्हर्नियर काढला, चष्मा वर केला, उजेडाकडे वळले.

"फोर पॉइंट सिक्स."

"हौ," उस्ताद नट आवळत म्हणाले, "ओके करना क्या रिजेक्ट?"