घरच्या लाकडाचा धनी

बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या चिखलीकराचे आणि घाटाखालच्या मलकापूरकराचे उन्हाळ्याच्या तीव्रतेपासून ठेच्याच्या तिखटपणापर्यंत कशावरही एकमत होत नसले, तरी एक मानवी प्रकार मात्र दोन्हीकडे सारखाच आढळतो आणि त्याला येथे सोयीसाठी ‘घरच्या लाकडाचा धनी’ असे म्हटले आहे. हा गृहस्थ बहुधा नुकताच सेवानिवृत्त झालेला शिक्षक, ग्रामसेवक किंवा वीज मंडळातील कर्मचारी असतो. त्याच्या बांधावर वडिलांच्या हातची सागाची चार-पाच झाडे उभी असतात आणि खिशात नव्या घराचा घडी पडून फाटत आलेला नकाशा असतो. जमीन, निवृत्तिवेतन आणि मुलांची प्रगती यांविषयी तो विनयाने बोलतो. लाकडाचा विषय निघाला की विनय संपतो. बाजारातल्या लाकडाविषयी तो ज्या सुरात बोलतो, तो सूर एरवी सोयरीक जुळवताना कूळ न सांगणाऱ्या स्थळाविषयी लावला जातो.

लाकूड स्वतःच चिरण्याच्या त्याच्या निश्चयामागे काटकसर असल्याचा समज आहे, पण मूळ कारण संशय हे होय. पूर्वी खड्ड्यावर ओंडका आडवा टाकून एक माणूस वर आणि एक खाली उभा राहून मोठी करवत, म्हणजे आरा, ओढत असे आणि मालक शेजारी बाजेवर बसून प्रत्येक फळी डोळ्यांखाली घालत असे. पुढे आरा मशीन आली आणि काम मालकाच्या नजरेआड गेले. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये गोदावर्मन खटल्यात महाराष्ट्रातील विनापरवाना आरा गिरण्या तत्काळ बंद करण्याचा आदेश दिला, हा वनरक्षणाचा निर्णय होता. घरच्या लाकडाच्या धन्याने त्यातून एवढाच अर्थ काढला की ओंडका आता दूरच्या परवानाधारक गिरणीत न्यावा लागणार, तिथे रांगेत ठेवावा लागणार आणि रात्रीतून त्याची अदलाबदल होणार. अशी अदलाबदल झालेली त्याने कधी पाहिलेली नसते, पण ती होते याबद्दल त्याची खात्री असते.

संशयाला गणिताचाही आधार असतो. लाकूड व्यापारात गोल ओंडक्याचे माप काढताना गोलाईचा, म्हणजे घेराचा, चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि त्याला लांबीने गुणतात. चार फूट घेराचा दहा फुटी ओंडका या रीतीने 10 घनफूट भरतो, तर वर्तुळाच्या सूत्राने तोच पावणेतेरा घनफुटांच्या जवळ जातो. मधला फरक चिरताना होणाऱ्या नासधुशीसाठी सोडलेला असतो, हे स्पष्टीकरण त्याला मान्य नसते. ‘बावीस टक्के व्यापाऱ्याच्या घशात जाते, बाप्पा,’ असे तो पारावर सांगतो आणि निवृत्त गणित शिक्षक असल्यास फरशीवर खडूने सिद्धही करून दाखवतो.

यावरचा उपाय त्याला मोबाइलवरच्या चित्रफितीत सापडतो. गावात ‘कटर मशीन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेट्रोलवरील साखळी करवतीच्या पात्याला एक लोखंडी चौकट घट्ट आवळली की ती करवत ओंडक्यावर आडवी सरकत ठरावीक जाडीची फळी कापते. परदेशात या जोडणीला अलास्कन मिल म्हणतात. अलास्कातील एकाकी जंगलवासीयाला गिरणी जवळ नसल्याने हे साधन उपयोगी पडत असावे. मोताळ्याच्या शेतकऱ्याला ते गिरणीवर विश्वास नसल्याने हवे असते. चौकट तो विकत घेत नाही, वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपची करवून घेतो आणि ती दोन सूत तिरपी होते. पहिला काप सरळ यावा म्हणून ओंडक्यावर शिडी ठोकून तिच्यावरून यंत्र सरकवावे लागते, आणि ही शिडी शेजाऱ्याची असते. साखळीचे दात आडव्या कापासाठी साधारण 30 अंशांत घासलेले असतात, तर लांबीने चिरण्यासाठी ते 10 अंशांच्या आसपास असावे लागतात. गोल कानस घेऊन दात घासण्यात त्याचे दोन दिवस सुखाने जातात.

सागाचा समावेश 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत असल्याने झाड आपले, बांध आपला आणि बाप आपला असला तरी तोडीची परवानगी सरकारची लागते, आणि लाकूड गावाबाहेर न्यायचे तर वाहतूक परवानाही लागतो. सातबारा जोडून अर्ज करण्यात तो तरबेज असतो, कारण नोकरीभर त्याने दुसऱ्यांचे असेच अर्ज परत पाठवलेले असतात. मात्र चौकट जोडलेली कटर मशीन आरा गिरणीच्या व्याख्येत बसते काय, हा प्रश्न तो कोणत्याही कार्यालयात उपस्थित करीत नाही. झाड अंधाऱ्या पक्षात तोडले की लाकडाला कीड लागत नाही, ही जुनी समजूत तो कटाक्षाने पाळतो. परवानगी नेमकी उजेड्या पक्षात हाती आल्यास पंधरवडाभर थांबतो.

प्रत्यक्ष चिराईच्या दिवशी अर्धे गाव बांधावर जमते. कापात पाते अडकू नये म्हणून मागून पाचरी ठोकण्याचे काम मेव्हण्याकडे असते. भुसा सर्वांच्या चहात पडतो. साखळी दर कापाला सुमारे 10 मिलिमीटर लाकूड खात असल्याने 300 मिलिमीटर उंचीच्या ठोकळ्यातून इंची जाडीच्या फळ्या आठच निघतात, तर आरा मशीनच्या पातळ पट्ट्याने दहा निघाल्या असत्या. ज्या बावीस टक्क्यांसाठी व्यापाऱ्याशी वैर धरले, ते असे पेट्रोल घालून उडवले जातात. पण उडालेला भुसाही घरचाच असतो आणि तो पोत्यात भरून घरी नेला जातो.

हिशेबात झाड फुकटचे, यंत्र कायमचे आणि मेव्हणा घरचा धरला जात असल्यामुळे खर्चाच्या रकान्यात पेट्रोल आणि टू-स्ट्रोकचे ऑइल एवढेच उरते. फळ्या सुकण्यासाठी मध्ये पट्ट्या घालून रचल्या जातात. दरम्यान मुलगा पुण्याहून येऊन ग्रॅनाइटच्या चौकटी आणि तयार फ्लश दारे ठरवून जातो. सागवान अखेर देवघर आणि एका दिवाणाच्या कामी येते. त्या दिवाणावर बसलेल्या प्रत्येक पाहुण्याला ‘हे आपल्या बांधावरचं सागवान हाय, बजारात असं भेटत नाही,’ हे ऐकल्यावाचून चहा मिळत नाही.

त्याच्या कीर्तीमुळे मग शेजारीपाजारी आपापले निंबाचे आणि बाभळीचे ओंडके घेऊन येतात. रस्त्याकडेच्या निंबात तारकुंपणाचे, झोक्याचे आणि प्रचारफलकांचे खिळे वर्षानुवर्षे सालीखाली गिळले गेलेले असतात आणि असा एक खिळा लागला की साखळीचे दात जागीच बोथट होतात. म्हणून तो आता कोणत्या झाडावर कोणत्या उमेदवाराचा फलक होता याची आधी कसून चौकशी करतो, आणि ज्या वॉर्डात ग्रामपंचायत निवडणूक बिनविरोध झाली असेल तिथलेच लाकूड हाती घेतो.