लवचीक आरोग्य केंद्र कसं उभारावं? होतकरू भागीदारांसाठी आठ धडे

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यात रस्त्याला लागून दोन एकर पडीक जमीन दिसली आहे, मंत्रालयात एक-दोन ओळखी आहेत आणि वैद्यकशास्त्राशी तुमचा संबंध गोळ्या घेण्यापुरताच आहे? अभिनंदन. सार्वजनिक-खासगी भागीदारीतून आरोग्य केंद्र उभारायला याहून जास्त भांडवल लागत नाही. बाकीचं आम्ही शिकवतो.

१. आधी शब्द घोटून घ्या. 'सार्वजनिक' म्हणजे जमीन, वीजबिल आणि लोकांची बोलणी. 'खासगी' म्हणजे उरलेलं सगळं. दोन्ही शब्दांमध्ये जी छोटी आडवी रेघ असते, तिला भागीदारी म्हणतात. 'लवचीक' हा शब्द दर पानावर किमान तीनदा यायला हवा. कशाची लवचीकता, असं कुणी विचारलं तर भिंतीची सांगा. उद्घाटनाच्या तारखेची सांगू नका.

२. निकष पाठ करा. सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, ३०,००० मागे सहा खाटांचं प्राथमिक आरोग्य केंद्र, १,२०,००० मागे तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय. किनवट-माहूरसारख्या आदिवासी भागात हेच आकडे ३,०००, २०,००० आणि ८०,०००. ग्रामीण रुग्णालयात शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असावेत, असंही तिथं लिहिलेलं आहे. तुम्ही वाचताना खाटांपाशी थांबा. खाट निविदा काढून मिळते, बालरोगतज्ज्ञ मिळत नाही. सादरीकरणात तीस खाटांचा फोटो लावा, तोही चादरी नव्या असतानाच काढलेला.

३. आराखडा लांबच्या माणसाकडून करून घ्या. मराठवाड्यातलं ऊन ज्याच्या डोक्यावर तापलेलं नाही, असाच वास्तुविशारद पश्चिमेला अख्खी काचेची भिंत देऊ शकतो. दर खोलीत बेसिन घ्या. पाण्याचं काय, हा प्रश्न हळव्या लोकांचा. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलंच होतं की. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. गाडी आली, नळाला हार घातले, फोटो निघाले. तुमच्या बेसिनचंही असंच काहीतरी होईल.

४. भिंत सरकती ठेवा. हा तुमच्या प्रकल्पाचा आत्मा. सकाळी ओपीडी, दुपारी लसीकरण, संध्याकाळी आढावा बैठक, सगळं एकाच हॉलमध्ये. कागदावर भिंत बोटानं सरकते. प्रत्यक्षात तिसऱ्या महिन्यात खालच्या रुळात मुरूम जातो आणि भिंत अर्ध्यावर अडकते. मग सिस्टर सलाईनच्या नळीनं ती खिडकीच्या गजाला बांधतात. एका बाजूला बाळंतीण, दुसऱ्या बाजूला केसपेपरची रांग आणि मधल्या फटीतून 'कितवा नंबर चालू हाय?' असं विचारणारे आजोबा. वाईट वाटून घेऊ नका. अहवालात याला 'बहुउद्देशीय वापर' म्हणतात.

५. पाटी स्क्रूनं बसवू नका. गावातल्या ज्या खोलीला लोक पिढ्यान्‌पिढ्या 'दवाखाना' म्हणत आले, ती उपकेंद्र झाली, मग २०१८ नंतर हेल्थ अँड वेलनेस सेंटर झाली आणि २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर. रंगाऱ्याचं घर चाललं. तुम्ही चुंबकाची पाटी घ्या. संपूर्ण इमारतीत एवढीच गोष्ट खरोखर लवचीक निघेल.

६. माणसं अकरा महिन्यांची ठेवा. डॉक्टरला कंत्राट, सिस्टरला कंत्राट, औषधनिर्मात्याला कंत्राट. आशाताईंना मानधन, म्हणजे मान आधी आणि धन पुढच्या तिमाहीत. पदांचा तक्ता करताना 'मंजूर' हा रकाना ठळक छापा आणि 'भरलेली' हा रकाना पान उलटल्यावर येईल असं बघा. रात्रपाळीबद्दल कुणी छेडलंच, तर 'ऑन कॉल' म्हणा. रेंज नसेल, तर तो टॉवरवाल्यांचा दोष.

७. जोखीम वाटून घ्या. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. पुढं तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. म्हणजे यादी, पॅकेज आणि मंजुरी या शब्दांना इथली जनता सरावलेली आहे. नियम सोपा ठेवा: पॅकेजमध्ये बसणारा आजार तुमचा, न बसणारा सरकारचा. साप चावलेला शेतमजूर रात्री दोनला आला, तर तो कोणाचा हे ठरवायला समिती नेमा.

८. 'रेफर' हा शिक्का आधी बनवा, इमारत मागाहून. २०१४ पासून राज्यात १०८ ची सेवा आहे, तीही भागीदारीतलीच. ९३७ रुग्णवाहिकांनी ती सुरू झाली. किनवटहून नांदेड शंभराहून जास्त किलोमीटर. शिक्का मारा, दार लावा, हात जोडा. गाडी वेशीबाहेर गेली की तुमच्या केंद्राचा मृत्युदर शून्य राहतो. पुढचं पुढच्या वहीत लिहिलं जातं.

एक धोक्याची सूचना. अभ्यासदौऱ्यात लातूरचं विवेकानंद रुग्णालय चुकूनही ठेवू नका. डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ते सुरू केलं. पुण्यात शिकलेला हा माणूस इथं नुसता पाहणीला आला नाही, राहायलाच आला. अशी उदाहरणं पाहून लोकांना भलत्या सवयी लागतात. डॉक्टरनं गावात राहावं, असं त्यांना वाटू लागतं. किल्लारीचा भूकंपही ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास झाला होता, ओपीडीच्या वेळेत नव्हे. हे कुणाच्या लक्षात आणून देऊ नका.

आता धडे संपले, वही मिटा.

३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या चोवीस तासांत नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यातली बारा नवजात बाळं होती. अधिष्ठात्यांनी सांगितलं, की सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या परिसरात एवढं मोठं दुसरं रुग्णालय नाही आणि लांबून येणारे रुग्ण फार उशिरा पोचतात. दोन दिवसांनी एका खासदारांनी त्याच अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करून घेतलं. त्या सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या वाटेवर जी ग्रामीण रुग्णालयं लागतात, तिथं बालरोगतज्ज्ञ असावा हे निकषात कधीचंच लिहिलेलं आहे. त्यासाठी सरकती भिंत लागत नाही.

तुमच्या गावात उद्या कुणी कुदळ आणि नारळ घेऊन आलं, तर नारळ जरूर फोडू द्या. त्याआधी एवढंच विचारा: रात्री इथं कोण राहणार? नाव सांगा म्हणावं.