ज्येष्ठांचा मुहूर्त

औंढ्याच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते, ही कथा इकडे पोराटोरांना ठाऊक. नामदेव संतापले. म्हातारा म्हणाला, बाबा रे, मला त्राण नाही. देव नसेल तिथे तूच ठेव हे पाय. पाय ठेवावेत तिथे पिंडी! नामदेवांना गुरू सापडला. त्या दिवशी तारीख काय होती, कुणी लिहून ठेवलेली नाही. 1 ऑक्टोबर नसावी, कारण हा ज्येष्ठांचा दिवस संयुक्त राष्ट्रांनी 1990 साली ठरवला.

आता दिवस ठरला म्हणजे शाल, श्रीफळ आणि उशिरा येणारा पाहुणा आलाच. सत्कारमूर्तींना दहाला आणून बसवायचं, पाहुण्यानं बाराला येऊन वडीलधाऱ्यांच्या वेळेची किंमत सांगायची. जपान्यांचा हा सण सप्टेंबरात. तिथं सरकार शंभरी गाठणाऱ्यांना चांदीचा पेला देई. शंभरीवाले फार झाले, तेव्हा 2016 पासून चांदीचा नुसता मुलामा. आपल्याकडे मुलाम्याची पद्धत जुनीच.

तरी 75 पूर्ण झालेल्यांना 2022 पासून एसटी फुकट आहे, ही शालीपेक्षा उबदार गोष्ट. त्याच एसटीनं आजोबा हयातीचा दाखला द्यायला जातात. पेन्शनच्या योजनेचं नाव श्रावणबाळ, पण कावड ज्याची त्यानंच वाहायची. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मात्र जाऊ नका, आजोबा. 2 ऑक्टोबरला कचेरी बंद असते.