सशाच्या कानांनी

लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी सुरू होते, पहिले दोन-चार जडशीळ सूर पडतात, आणि सभागृहात लगेच दोन तट पडतात. पुढच्या रांगांतले जाणकार डोळे मिटून घेतात. मागच्या रांगेतलं एखादं पोर (पोराचं वय बऱ्याचदा पंचेचाळीस असतं) शेजाऱ्याच्या कानाला लागून म्हणतं, "अरे, हे टॉम अँड जेरीचं!" त्यावर पुढचं कुणीतरी मान वळवून असं बघतं, की जणू देवघरात कुणी चपलांसकट शिरलंय. माझं म्हणणं असं, की त्या सभागृहात ती रचना सुरासुराने ऐकणारा माणूस बहुधा मागच्या रांगेतलाच आहे. कुठे सूर थबकतो, कुठे धावत सुटतो, संपला संपला म्हणताना पुन्हा कुठे उसळतो, हे त्याला तोंडपाठ असतं, कारण त्या प्रत्येक जागी मांजराला काही ना काही इजा झालेली आहे. डोळे मिटलेल्यांचं मात्र सांगता येत नाही. मिटलेल्या डोळ्यांमागे तल्लीनता असते तशी डुलकीही असते, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

कार्टूनमुळे शास्त्रीय संगीताचं सोवळं बाटल्याची पहिली मोठी बोंब झाली ती 'फँटेजिया'च्या वेळी. १३ नोव्हेंबर १९४० ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात हा चित्रपट लागला. वॉल्ट डिस्नेने संगीताची बाजू लिओपोल्ड स्टोकोव्स्कीवर सोपवली होती, वाजवणारे बहुतांशी फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे, आणि पडद्यावर बाख, चायकोव्स्की, बीथोव्हन यांच्या संगतीला अळंबी, शहामृग आणि बॅले नाचणारी पाणघोडी. डोरोथी थॉम्प्सन या नामांकित पत्रकार बाईंना हे इतकं झोंबलं, की चित्रपट पुरता संपायच्या आतच त्या बाहेर पडल्या आणि वर्तमानपत्रात त्यांनी त्याची तुलना थेट नाझीवादाशी केली. आता थॉम्प्सनबाई म्हणजे कुणी सोम्यागोम्या नव्हेत. १९३४ मध्ये हिटलरने त्यांना जर्मनीबाहेर काढलं होतं, म्हणजे नाझी काय चीज असते ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. तरीही एवढं नमूद करायला हवं, की चित्रपटाचा शेवट त्यांनी पाहिलाच नाही. शेवट न पाहता दिलेला निकाल मी तरी अंतिम मानणार नाही.

दुसरे फिर्यादी खुद्द इगॉर स्ट्राव्हिन्स्की. 'फँटेजिया'तल्या संगीतकारांपैकी तेव्हा हयात असलेले एकटेच, त्यामुळे तक्रार करण्याची सोय फक्त त्यांनाच होती. त्यांच्या 'द राइट ऑफ स्प्रिंग'मधले तुकडे मागेपुढे केले गेले, काही गाळले गेले, आणि त्यावर डायनॉसॉर नाचवले गेले. पुढे १९६० मध्ये त्यांनी या प्रकाराबद्दलची आपली नापसंती छापून सांगितली. तुकडे हलवल्याचा राग मला मान्य आहे, कुणाच्याही रचनेची अशी कापाकापी होऊ नये. पण चित्रांमुळे संगीताची अप्रतिष्ठा झाली, हे मान्य करण्याआधी २९ मे १९१३ ची तारीख आठवावी. पॅरिसमध्ये हीच रचना पहिल्यांदा रंगमंचावर आली तेव्हा नाचणारी हाडामांसाची माणसं होती, नृत्यरचना निजिन्स्कीची होती, कार्टूनचा तर पत्ताच नव्हता. तरी प्रेक्षकांनी असा दंगा घातला की नाचणाऱ्यांना वाद्यं ऐकू येईनात. सत्तावीस वर्षांनी त्याच सुरांवर डायनॉसॉर तहानेने तडफडून मेले, तेव्हा थिएटरात दंगल झाल्याची नोंद नाही. स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स यांच्यात सुमारे आठ कोटी वर्षांचं अंतर असताना त्यांची कुस्ती लावली, हा आक्षेप प्राणिशास्त्राचा झाला. तो खरा आहे आणि इथे लागू नाही.

सर्वांत भारदस्त आक्षेप वेगळाच आहे. संगीत निराकार असतं, चित्र त्याला खुंटीला बांधतं, एकदा 'फँटेजिया'तल्या मिकीची टोपी पाहिली की दुकासच्या 'सॉर्सरर्स अप्रेंटिस'मध्ये जन्मभर टोपीच दिसते. ऐकायला बिनतोड वाटतं, पण दुकासला विचारा. त्याने ही रचना १८९७ मध्ये केली ती गटेच्या एका कथाकाव्यावरून, आणि त्या काव्यात जादूगाराचा शिष्य, पाणी भरणारा झाडू आणि जलमय झालेलं घर हे सगळं शंभर वर्षं आधीपासून हजर होतं. बासूनचा तो ठेचकाळत चालणारा सूर म्हणजे झाडूच आहे. डिस्नेने फक्त त्याला हात काढले. बीथोव्हनने 'पास्टोरल' सिंफनीबद्दल बजावून ठेवलं होतं की हे चित्रण कमी आणि भावनेचा आविष्कार जास्त आहे. छान. पण त्याच सिंफनीच्या दुसऱ्या भागात नाइटिंगेल, लावा आणि कोकीळ या तीन पक्ष्यांची नावं त्याने स्वरलिपीवर स्वतः लिहिली आहेत. चित्राची एवढी नावड असलेल्या माणसाने कोकिळेला नावानिशी बोलवायचं काय कारण?

इथे मात्र थॉम्प्सनबाईंच्या बाजूने एक माप टाकायला हवं. 'फँटेजिया'तला 'पास्टोरल'चा भाग खरोखरच वाईट आहे. पाकात बुडवलेल्या रंगांचं ग्रीस, केशभूषा केलेल्या सेंटॉर (कमरेखाली घोडा असलेल्या) मुली, आणि त्यांच्या खुरांना पॉलिश करणारी एक काळी सेंटॉर, जी पुढे १९६९ च्या प्रदर्शनात कापून टाकावी लागली. पण तो भाग फसला तो संगीताला चित्रं जोडली म्हणून नव्हे. चित्रं काढणाऱ्यांनी संगीत ऐकलंच नाही म्हणून फसला. सूर एकीकडे वाहताहेत, सेंटॉर दुसरीकडे लाजताहेत, कुणाचा कुणाला धक्का लागत नाही. लग्नाच्या मांडवात सनई वाजत असते आणि पंगतीत जिलेबी वाढत असतात, तेवढाच संबंध.

याच्या उलट 'द कॅट कन्सर्टो' बघा, १९४७ चं, हॅना आणि बार्बेराचं. टॉम कोट चढवून पियानोपाशी येतो, बसतो, आणि लिस्टची तीच ऱ्हॅप्सडी वाजवायला लागतो. पियानोच्या पोटात, हातोड्यांच्या मऊ गाद्यांवर जेरी झोपलेला आहे. टॉमने पट्टी दाबली की हातोडी उडते, हातोडी उडाली की जेरी उडतो, म्हणजे कुठला सूर आत कुठे वाजतो हे उंदराच्या अंगावरून कळतं. पियानो आतून कसा चालतो हे समजावणारा इतका सोपा धडा मला माहीत नाही. मग जेरी दोन पट्ट्यांच्या जागी उंदराचा सापळा लावून ठेवतो. टॉमची बोटं त्याच्या अलीकडे-पलीकडे नाचतात, एक सूर सुटतो, दुसरा सुटतो, आणि प्रेक्षक श्वास धरून बसतो. तो कशाची वाट बघतोय? एका नेमक्या सुराची. आपल्या मैफलीत समेची वाट बघणारा श्रोता याहून वेगळं काय करतो? सापळा मिटतो तेव्हा हसू फुटतं, आणि समेवर हलणारी मान जर दाद असेल तर समेवर फुटणारं हसू दाद का नाही?

हालचालीला सूर असा तंतोतंत चिकटवण्याला सिनेमावाले 'मिकी माउसिंग' म्हणतात, आणि म्हणताना नाक थोडं वर करतात. मराठी माणसाला यात नाक वर करण्यासारखं काही सापडू नये. फडावर नाचणारीच्या पावलाला ढोलकीवाला बोल जुळवतो, कथ्थकमध्ये तबला आणि घुंगरू एकमेकांचं बोट सोडत नाहीत, आणि त्याला आपण साथसंगत म्हणतो. जाता जाता सांगायचं तर याच ऱ्हॅप्सडीवर वॉर्नर ब्रदर्सनेही १९४६ मध्ये 'ऱ्हॅप्सडी रॅबिट' काढलं. त्यातही पियानो, त्यातही उंदीर, फक्त वाजवायला ससा. दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आळ घेतला आणि ऑस्कर मांजराने नेलं. वॉर्नरच्या सशाचं एक काम मात्र संगीतप्रेमींनी लक्षात ठेवावं: मैफल सुरू होताना प्रेक्षकांत एकजण सारखा खोकतो, तर बग्ज बनी पिस्तूल काढून त्याचा बंदोबस्त करतो. शास्त्रीय संगीताच्या शिस्तीची एवढी कदर आणखी कुणी केली आहे?

यावर कुणी म्हणेल, कदर कसली, ही टिंगल आहे. तर मग 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?' घ्या, चक जोन्सचं, १९५७ चं. वाग्नरच्या 'रिंग'ची चार संगीतनाट्यं मिळून पंधराएक तास चालतात. जोन्सने त्यांची तऱ्हा आणि वाग्नरच्याच इतर कामांतले सूर घेऊन सगळं सात मिनिटांच्या आत बसवलं. शिकारी एल्मर फड शिरस्त्राण घालून भाला परजतो, ससा सोनेरी वेण्या घालून लठ्ठ पांढऱ्या घोड्यावरून अवतरतो, फड वेणीवर भाळतो, वेणी गळून पडते, आणि वादळ उठतं. यात वाग्नरची खोडी कुठेच काढलेली नाही. ऑर्केस्ट्रा पूर्ण गांभीर्याने वाजतो, फड जीव तोडून गातो, शोकांतिका शेवटपर्यंत शोकांतिकाच राहते. विनोद आहे तो इतकाच, की एवढं प्रचंड संगीत एका टकल्या शिकाऱ्याच्या वाट्याला आलंय आणि तो त्याला पुरा पडण्याची शर्थ करतोय. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत १९९२ मध्ये हे कार्टून घेतलं गेलं. टिंगल होती असं तिथल्या लोकांना वाटलेलं दिसत नाही.

राहता राहिली शेवटची तक्रार: असल्या प्रेक्षकाला त्या सात मिनिटांपलीकडचं काही येत नाही. खरं आहे. पण आपल्याकडे 'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की गणपतीच्या मांडवात हिंदी गाणी म्हणणारा ग्रूपच डोळ्यांपुढे येतो. अशा घरांत १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आलं आणि टॉम अँड जेरीचा संगीतकार स्कॉट ब्रॅडली याचा ऑर्केस्ट्रा वरणभाताच्या ताटासमोर रोज वाजू लागला. हा गृहस्थ मांजराच्या पाठलागात शोनबर्गचं बारा सुरांचं तंत्र वापरून बसला होता. मांजर-उंदीर जवळपास बोलतच नाहीत, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती आणि ऐकण्यासारखं संगीतच उरत होतं. शोनबर्ग समोर बसवून ऐकवायला गेलं तर जाणकारसुद्धा चप्पल शोधू लागतात. इथे ती मुलं घास हातात धरून ऐकत होती.

तेव्हा पुढच्या रांगेतल्या मंडळींना एक विनंती. मागून पुन्हा कधी "टॉम अँड जेरी!" ऐकू आलं, तर डोळे वटारू नका. मध्यंतरात त्या पोराला गाठा आणि विचारा, सापळा कुठल्या सुराला मिटतो. तो गुणगुणून दाखवेल.