दिलगिरीचे व्याकरण

इंग्रजीतले ‘रिग्रेट’ आणि ‘अपॉलॉजी’ हे शब्द दिसायला सख्खे भाऊ. पण एक नुसता हळहळतो, दुसरा कबुली देतो. रिग्रेट अवकाळी पावसाबद्दलही वाटू शकते, अपॉलॉजीला मात्र स्वतःचा अपराध लागतो. म्हणूनच १० एप्रिल २०१९ रोजी, जालियनवाला बाग हत्याकांडाच्या शताब्दीच्या तोंडावर, पंतप्रधान थेरेसा मे यांनी ब्रिटिश संसदेत नेमका पहिला शब्द उचलला. सरकारी आकडा धरला तरी तिथे ३७९ माणसे मारली गेली होती. पण जेवणाचे आमंत्रण नाकारायला जो शब्द पुरतो, तोच इथेही पुरला.

कुणी म्हणेल, माफी मागितली की भरपाईचे दावे मागे लागतात, म्हणून ही सावधगिरी. पण केनियातल्या माऊ माऊ उठावाच्या काळातील छळाबद्दल ब्रिटनने २०१३ मध्ये ५,२२८ दावेदारांसाठी, खटल्याच्या खर्चासह, १ कोटी ९९ लाख पौंड मोजले, आणि तेव्हाही शब्द रिग्रेटच! म्हणजे तिजोरी उघडते, तोंड उघडत नाही. अर्थात आपणही हसू नये. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य मराठीत केव्हाच मुरले आहे. दिलगिरीत दिल सापडते. गुन्हेगार तेवढा सापडत नाही.