अजून अर्धा फेरा

सोलापुरात गाडी तीन किकांत चालू झाली नाही, की चौथ्या किकेला शेजारी अण्णा उभे असतात. पेठ कुठलीही असो. त्यांना गॅरेज नाही, पाटी नाही. नरसिंग गिरजी मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडली, अण्णांचा हात चालूच राहिला. चष्मा घरी विसरतील, प्लगपाना नाही.

निदान एकच. "प्लग काढ बे." टाकीत पेट्रोल नसलं तरी आधी प्लग.

काढण्यापर्यंत ठीक आहे, बसवताना घात होतो. अण्णांचा हात घडलाय बिडाच्या यंत्रांवर. मागाचा बोल्ट दोघांनी लोंबकळून आवळला तरी हूं की चूं करत नसे. मोटारसायकलचं हेड मात्र अ‍ॅल्युमिनियमचं, आणि त्यातला प्लग बऱ्याचदा जेमतेम १० मिलिमीटर जाडीचा. नवा प्लग बोटांनीच फिरवत न्यायचा, वायसर टेकला की पान्यानं अर्धा फेरा, संपलं. अण्णांना ही कंजुषी मान्य नाही. पान्याच्या दांडीत ते नळाचा पाइप अडकवतात, सिद्धेश्वराचं नाव घेतात आणि अजून अर्धा फेरा देतात. मग अजून अर्धा.

पुढच्या उन्हाळ्यात तोच प्लग जाम. कोपऱ्यावरच्या गॅरेजातला पोरगा हात जोडतो. "अण्णा, इंजिन गार होऊ द्या. गरम हेडमधनं ओढलं की आटे खरवडून येतात. डिझेल सोडून रात्रभर ठेवू. सकाळी जरा सोडवायचं, जरा परत आवळायचं, असं करत काढतो की."

"गार? एप्रिलात? मग मृगापर्यंत थांबू का लका?"

पाइप लागतो. कर्र्र. प्लग येतो, अंगावर हेडचे चंदेरी आटे गुंडाळून येतो. अण्णा तो उन्हात धरून न्याहाळतात. "कुठल्या गाढवानं एवढा आवळला होता?"

गाढव कोण, हे अख्ख्या कट्ट्याला ठाऊक असतं. पण वयाचा मान असतो.

यावरही अण्णांचा उतारा तयार: प्लगला नळाची पांढरी टेप गुंडाळा. टेप गुंडाळलेली गाडी सातरस्त्याकडं निघते. प्लग तिच्या आधी पोचतो.

मग हेड उतरवून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडं. तो भोक जरा मोठं करतो, टॅपला ग्रीस फासून नवे आटे पाडतो; ग्रीस लावलं की कीस त्यालाच चिकटतो. आत स्टेनलेसच्या तारेचं हेलिकॉइल बसवतो आणि सहज बोलून जातो, "आता हे आटे कंपनीपेक्षा पक्के."

तो हे बोलायला नको होता.

"म्हणजे माझ्यामुळं हेड सुधारलं की!" तेव्हापासून अण्णा चालत्या गाड्याही अडवतात. "तुझ्या हेडला अजून कंपनीचेच आटे? कच्चे असतात बे ते. थांब, बघतो."

लेथवाला त्यांना लांबून बघितलं तरी स्टूल पुसतो, स्पेशल चहा सांगतो, पैसे काढू देत नाही. जाणकाराची कदर सोलापुरात अजून आहे, असं अण्णा बशीत चहा ओतत सांगतात.