झोपलेल्याशी हस्तांदोलन

डेन्मार्कमध्ये हेल्सिंगॉर बंदरावर क्रोनबोर्गचा किल्ला आहे. शेक्सपिअरने आपला हॅम्लेट इथे नांदवला, म्हणून बाहेरगावचे पाहुणे तटावर भुताची वाट बघतात. डॅनिश माणूस मात्र पोरांना घेऊन खाली तळघरात उतरतो. तिथल्या काळोखात होल्गर डान्स्के बसल्या बसल्या झोपला आहे. हाताची घडी, मांडीवर तलवार, शेजारी ढाल आणि छातीवर रुळणारी भरघोस दाढी. देशावर खरंखुरं संकट आलं की हा उठणार, अशी त्याची ख्याती.

होल्गर मुळात फ्रेंच वीरकाव्यांतला, शार्लमेन सम्राटाच्या सरदारांपैकी एक. डॅनिश लोकांनी त्याला घरी आणलं आणि झोपवलं. त्याचा पुतळाही कुठल्या राजाने नव्हे, जवळच्या एका हॉटेलाने १९०७ साली घडवून घेतला. हॉटेलाला ब्राँझचा मिळाला, तळघराच्या वाट्याला प्लास्टरची प्रत आली. तळघरातल्या ओलीने तिची रया गेली, तेव्हा १९८५ साली तिथे काँक्रीटचा पुतळा बसवला. राष्ट्ररक्षकालाही ओल बाधते, हे वाचून आम्हां कोकणातल्या माणसांना फार आपलेपणा वाटतो.

पण पुतळ्यापेक्षा जुनी दंतकथा जास्त रंगतदार आहे. किल्ल्याखालून शस्त्रांचा खणखणाट यायचा, पण खाली जायला कोणी धजेना. शेवटी फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याला सांगितलं, बघून ये, जीव वाचेल. (देशाची चौकशी करायला मरणाच्या दारातला माणूसच का पाठवावा, हे विचारायचं नाही. सरकारी कामं अशीच चालतात.) तो भुयारातून गेला. लोखंडी दार उघडलं, तर दगडी टेबलाभोवती चिलखत घातलेले वीर डोकं टेकून झोपलेले. मुख्य वीराची दाढी टेबलातच रुजलेली. दाराच्या आवाजाने त्याने डोकं उचललं, दाढीबरोबर टेबलही फुटलं, आणि तो म्हणाला, हात दे बघू. गडी हुशार. त्याने हाताऐवजी लोखंडी सळई पुढे केली. होल्गरने ती अशी दाबली की बोटांचे ठसे उमटले. मग समाधानाने म्हणाला, डेन्मार्कात अजून माणसं आहेत तर! आणि पुन्हा झोपला.

म्हणजे बघा, सबंध राष्ट्राची निश्चिंती एका कैद्याच्या चलाखीवर उभी आहे. होल्गरला वाटलं, मर्दाचा हात आहे. हातात होती सळई.

जर्मनीचा बार्बारोसा सम्राट ११९० साली धर्मयुद्धाला जाताना नदीत बुडाला, तरी लोकांनी त्याला क्यूफहॉयझर डोंगरात झोपवलंच. भोवती डोमकावळे घिरट्या घालताहेत, तोवर तो उठायचा नाही. आपल्याकडे कावळा येत नाही म्हणून माणसं खोळंबतात, तिथे कावळे जात नाहीत म्हणून सम्राट खोळंबला आहे.

आपला मुचकुंद मात्र सरळ माणूस. देवांच्या बाजूने असुरांशी लढून दमला आणि वर काय मागितला, तर झोप. झोपमोड करणाऱ्याची राख व्हावी, ही जोडअट. रत्नागिरी जिल्ह्यात माचाळला त्याची गुहा दाखवतात, मुचकुंदी नदीही तिकडचीच. कृष्णाने कालयवनाला झुलवत त्याच्या गुहेत आणलं, कालयवनाने झोपलेल्याला कृष्ण समजून लाथ घातली आणि पुढचं काम एका नजरेत झालं. पण मला आवडतो तो नंतरचा भाग. मुचकुंद गुहेबाहेर येऊन पाहतो, तर माणसं खुजी झालेली! कलियुग आलं हे त्याने ओळखलं आणि तो तपाला निघून गेला. त्याच्यापुढे सळई धरायला कोणी नव्हतं.

हे वीर आपली राखण करतात असं आपण म्हणतो खरं, पण कथा नीट ऐकली तर ते आपलं माप घेताना दिसतात. शिवाजी जन्मावा तो शेजारच्या घरात, असं म्हणणाऱ्यांनी या मापाची धास्ती फार आधी घेतलेली आहे.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा डेन्मार्कात शिरल्या आणि सरकार त्याच दिवशी सकाळी शरण गेलं. यापेक्षा खरं संकट कोणतं? होल्गर हलला नाही. हलले ते वेगळेच लोक. त्यांनी आपल्या भूमिगत गटाला त्याचंच नाव दिलं आणि ऑगस्ट १९४३मध्ये कोपनहेगनचं फोरम सभागृह उडवलं. स्फोटकं आत नेली बिअरच्या क्रेटमधून. दाढीवाल्याला हे सुचलं नसतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ज्यूंची धरपकड सुरू झाली, तेव्हा ७,०००हून अधिक लोकांना होड्यांतून पलीकडे स्वीडनला पोचवलं गेलं. हेल्सिंगॉरहून समोरचा किनारा जेमतेम चार किलोमीटर. तिथे हे काम करणाऱ्या मंडळींनी नाव घेतलं होतं शिवणक्लब. त्यात एक पत्रकार, एक पोलीस, एक हिशेबनीस आणि एर्लिंग किएर नावाचा बुकबाइंडर. शिवाय एक डॉक्टर. होडीत पोरं रडली तर सगळेच सापडतील, म्हणून तो त्यांना झोपेचं इंजेक्शन देई. यांच्यातल्या एकाचाही पंजा होल्गरच्या पकडीतून धड सुटला नसता. आणि बुकबाइंडराचं तर पोटच बोटांवर.